सहा बिऱ्हाडांचा जिना

‘‘किससे मिलना है, अंकल?’’ जिन्याच्या वळणावर उभ्या असलेल्या बाईनं विचारलं आणि दयारामचा उजवा पाय पायरीवर टेकता टेकता थांबला. प्रश्नात काही वावगं नव्हतं. सकाळचे नऊ वाजले होते, बाईच्या हातात डब्याची पिशवी होती, अंगावर दवाखान्यातल्या नर्सचा फिकट निळा ड्रेस होता, आणि एक अनोळखी म्हातारा हातात मोजपट्टी घेऊन थेट तिच्या दारापर्यंत चढत आला होता. कोणीही विचारलं असतं. उत्तरही सोपं होतं. मी दयाराम कापगते, हे मकान माझं आहे, एवढंच सांगायचं होतं. पण ते वाक्य ओठांपर्यंत आलं आणि तिथं आल्यावर त्याला ते एकदम खोटं वाटलं, दुसऱ्याचा गेटपास दाखवून आत शिरल्यासारखं. ‘‘पानी... पानी देखने आया हूँ,’’ तो म्हणाला. बाईच्या चेहऱ्यावरचा संशय लगेच गेला. ‘‘अच्छा, आंटी ने भेजा है! ऊपर वालों को सुबह से पानी नहीं है. जाइए, जाइए.’’ भिंतीला चिकटून त्याला वाट देत ती खाली उतरली, आणि गल्लीत स्कूटी सुरू झाल्याचा आवाज येईपर्यंत तो तिथंच उभा राहिला. आंटीनं पाठवलं आहे. पोलादाच्या प्लांटमध्ये चौतीस वर्षं फिटर म्हणून काढली, तिथं निदान छातीवर नावाची पट्टी होती.

आंटी म्हणजे त्याची बायको, सत्यशीला. ती आठ दिवसांपासून नागपूरला मुलीकडे, टीनाकडे, होती. तिथल्या दवाखान्यात उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. वैशाली नगरातलं हे तीन मजली मकान, मजल्याला दोन अशी सहा बिऱ्हाडं, सगळं तीच पाहायची. दर मंगळवारी दुर्गच्या मोहन नगरातल्या घरून ती जेवण करून निघायची आणि दिवेलागणीला परतायची. त्यानं कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही. त्याच्या मनात मात्र एक चित्र घट्ट बसलं होतं: आपली बायको दारोदार उभी राहून किराया मागते. साकोलीकडच्या त्याच्या गावच्या घरात कोणी असं दुसऱ्याच्या दारात उभं राहिलं नव्हतं. त्या चित्राची त्याला लाज वाटायची, आणि त्याच किरायावर रिटायर झाल्यानंतरची आठ वर्षं सुखात गेली याची त्याहून जास्त. म्हणून तो या गल्लीकडे फिरकत नसे. आज आला तो प्रवीणमुळे. मुलानं पुण्यात बसून गिऱ्हाईक आणलं होतं. नेहरू नगरचा गुड्डू नावाचा दलाल मधे होता, रविवारी कागद करायचा होता, आणि त्याआधी खोल्यांची मापं हवी होती. प्लॉट दयारामच्या नावावर, त्यामुळे सही त्याची एकट्याची पुरत होती. ‘‘बाबा, आईचे घुटने तिथल्या पायऱ्यांनीच गेले,’’ प्रवीण फोनवर म्हणाला होता. ‘‘अब और कितना चढ़ेगी? पर आत्ताच तिला सांगू नका, टेन्शन घेईल.’’ मुलाचं बोलणं खोटं नव्हतं. त्यात माया होती. चहाचा कप रिकामा व्हायच्या आत दयारामनं हो म्हणून टाकलं होतं.

तो वर चढू लागला. पायऱ्या रुंद होत्या, एवढ्याशा मकानाला नको इतक्या रुंद, आणि त्या रुंदीवरून झालेलं भांडण त्याला पायांतून आठवू लागलं. दुर्गकडचं हे नवं राज्य झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात हे बांधकाम निघालं होतं. तेव्हा ते प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये राहत होते, आणि दयारामला वाटायचं की क्वार्टर आहे, प्लांटचा दवाखाना आहे, शाळा आहे, मग आणखी काय पाहिजे माणसाला? सत्यशीलानं मात्र लोनचा अर्ज त्याच्यापुढे ठेवला. ‘‘प्लांट आपल्याले सांभाळते, पर तो आपला नोहोय,’’ एवढंच ती म्हणाली होती. त्यानं सही केली, पण अट घातली: लोन माझ्या पगारावर, तर नावही माझं, आणि मले त्या विटासिमेंटात ओढू नको. तिनं खरंच ओढलं नाही. लुनावर बसून ती रोज दुपारी यायची, डोक्यावर ओला टॉवेल टाकून मिस्त्रीसमोर उभी राहायची, संध्याकाळी स्वतः पाइप धरून भिंतींना पाणी मारायची. जिन्यात एवढी जागा घालवली तर खोली लहान होईल, असं मिस्त्री म्हणाला, दयारामही तेच म्हणाला. ती म्हणाली, आलमारी चढली पाहिजे आन् आजारी मानूस खाटेसकट उतरला पाहिजे. मग स्लॅबचा दिवस आला. त्या दिवशी त्याची सुट्टी होती. त्यानं मुद्दाम दुसऱ्याची फर्स्ट शिफ्ट मागून घेतली. इतक्या वर्षांत हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. शिफ्ट सुटल्यावर मात्र राहवलं नाही आणि सायकल इकडे वळली. मिक्सर दुपारीच बंद पडला होता, आणि तिनं कुठून तरी दुसरा ओढून आणला होता, हे त्याला नंतर कळलं. तो पोचला तेव्हा स्लॅब पूर्ण झाला होता, रेजा, म्हणजे मजूर बायका, हातपाय धूत होत्या, आणि सत्यशीला वाळूच्या ढिगाला टेकून, पातळावर सिमेंटचे शिंतोडे, तोंड किंचित उघडं, बसल्या बसल्या झोपली होती. तो रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला. एखादं मोठं काम पार पडल्यावर प्लांटच्या मिलमधली माणसं अशीच कुठंही टेकून झोपायची. साहेब लोक येऊन त्यांच्या पाठीवर थाप मारायचे. त्यानं काय केलं? सायकलचं तोंड फिरवलं आणि तिच्या आधी घरी जाऊन पेपर उघडून बसला. ती आली, आंघोळ केली, कणीक मळली. ‘‘झाला स्लॅब,’’ ती म्हणाली. ‘‘बरं,’’ तो म्हणाला.

गच्चीवर ऊन आधीच पांढरं झालं होतं. दूर प्लांटच्या चिमण्या, अलीकडे छपरांवरच्या काळ्या टाक्या. वरच्या मजल्यावरचा किरायेदार, प्लांटात ठेकेदाराकडे कामाला असलेला नरेश, रिकामी बादली घेऊन टाकीपाशीच उभा होता. टाकी भरलेली होती, खालच्या दोन्ही मजल्यांना पाणी होतं, आणि वरच्याला थेंब नाही. दयारामनं वाल्व पाहिले, फिरवले, पुन्हा फिरवले. मोटर काढावी लागणार, असं त्याच्या मनानं ठरवलंही. तेवढ्यात नरेशनं आपला फोन त्याच्यापुढे धरला. ‘‘आंटी हैं. मैंने सोचा, उन्हीं से पूछ लूँ.’’ दयारामनं फोन कानाला लावला. पलीकडून दवाखान्याच्या पलंगावरचा, पण अजिबात आजारी नसलेला आवाज आला.

‘‘अवो, तुमी? तुमी कसे का तिथं?’’

‘‘आलतो सहज,’’ तो म्हणाला. ‘‘मोटर गेली वाट्टे.’’

‘‘मोटर कावून जाइन? टाकी भरली ना? मंग मोटर चांगली आहे. काल लाइन गेली होती काय?’’

दयारामनं नरेशला विचारलं. काल दिवसभर वीज नव्हती, टाकी कोरडी झाली होती.

‘‘मंग हवा भरली पाइपात,’’ सत्यशीला म्हणाली. ‘‘टाकीतून जो पाइप खाली उतरते, त्याले बोटानं टिचकी मारून पाहा. भरला असन तर ठस वाजते, हवा असन तर पोकळ.’’

त्यानं टिचकी मारली. मग फोन खिशात ठेवून वाकला आणि पाइपाला कान लावला. मिलमध्ये तो असाच लोखंडी सळई बेअरिंगवर टेकवून दुसरं टोक कानाशी धरायचा. चार दिवसांनी बिघडणारं बेअरिंग आज ऐकू यायचं, आणि त्या कानासाठी त्याला दोनदा स्टेजवर बोलावून घड्याळ दिलं होतं. पाइप पोकळ वाजला. ‘‘पोकळ आहे,’’ तो फोनमध्ये म्हणाला, आणि आपला आवाज ज्युनियरसारखा झाला आहे हे त्याच्या लक्षात आलं. ‘‘हं. आता साऱ्याइले आपापले नळ बंद कराले सांगा. तळमजल्यावरच्या सिंधुताईचा नळ तेवढा पुरा खोला. गुडगुड आवाज आला का हवा निंगाली समजा. मंग वरचा खोला.’’ नरेश धावत खाली गेला. सगळ्या मजल्यांवरून नळ बंद झाल्याचे आवाज आले, मग शांतता, मग पाइपाच्या पोटातून एक लांबलचक गुरगुर खाली खाली घसरत गेली आणि नरेशच्या मोरीत पाणी आधी थुंकलं, मग सरळ पडू लागलं. दयाराम गच्चीवर एकटाच उभा होता. तीनशे किलोमीटरवर, गुडघ्यात टाके घातलेली बाई त्याच्यापेक्षा या मकानाच्या जवळ होती. त्याला राग यायला हवा होता, त्यानं तो शोधूनही पाहिला. सापडलं ते वेगळंच होतं. जुन्या फोरमनचं काम पाहताना उभ्या उभ्या अंगावर शहारा यायचा, तसं.

मापं घ्यायची राहिली होती. तळमजल्यावरच्या सिंधुताई त्याला ओळखत होत्या, सत्यशीलाकडे मोहन नगरला येऊन गेलेल्या. दुर्ग लाइनवरच्या रेल्वेच्या माणसाच्या विधवा, नागपूरकडच्या, पंच्याहत्तरीच्या. ‘‘या जावईबापू, बसा,’’ त्या म्हणाल्या. सत्यशीलाला त्या लेक मानत, आणि त्या नात्यानं तो जावई झाला होता हे त्याला आजच कळलं. त्यानं मोजपट्टी उघडली, काही सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. न्हाणीचं माप घेताना दार बाहेर उघडलं आणि त्याच्या कोपराला लागलं. हे दारही त्याला आठवत होतं. मकान पुरं झाल्यावर एकदाच तो पाहायला आला होता, सहाही न्हाण्यांची दारं बाहेर उघडतात हे पाहून हसला होता, आणि म्हणाला होता की सुतारानं उलटी बसवली, त्याचे पैसे काप. सत्यशीला ‘‘राहू द्या’’ म्हणाली होती. ‘‘अजून उलटंच आहे हे,’’ तो आता म्हणाला. सिंधुताईंनी त्याच्याकडे जरा नवलानं पाहिलं. ‘‘उलटं? बाप्पा, त्याच्यानंच तर मी जिती आहे. गेल्या हिवाळ्यात पडली ना मी आतमधी. आडवी, दाराले टेकून. आत उघडनारं असतं तर कोनाले ढकलताच आलं नसतं. सत्यशीलेनं बाहेरून वढलं आन् मले काढलं. तिनं बांधतानाच इचार करून ठेवला होता म्हने, कोनी पडलं तर.’’ दयाराम मोजपट्टीच्या आकड्याकडे पाहत राहिला. चार फूट सहा इंच. गिऱ्हाइकाला हे माप लागणार होतं. दार कुठं उघडतं हे कोणी विचारलं नव्हतं. पस्तिसाव्या वर्षी, डोळ्यांसमोर धडधाकट मिस्त्री आणि सुतार उभे असताना, अजून न आलेल्या किरायेदाराच्या म्हातारपणाचा विचार कोण करतं? आणि तो विचार करून वर नवऱ्याचं हसणं कोण गिळतं?

दुसऱ्या दिवशीही तो आला. नरेशच्या नळाचा वॉशर बदलायचा आहे, असं त्यानं स्वतःला सांगितलं. उतरताना कालची बाई पुन्हा वळणावर भेटली, या वेळी घरच्या कपड्यांत, सोबत सहा-सात वर्षांची मुलगी. बाईचं नाव मोना होतं. ‘‘सॉरी अंकल, कल मैंने पहचाना नहीं. सिंधुताई ने बताया. आपके ही घर में आपको रोक दिया.’’ तो म्हणाला, ‘‘नहीं नहीं, ठीक किया. पूछना चाहिए.’’ मग काहीतरी बोलावं म्हणून त्यानं विचारलं, इथं किती वर्षं झाली. तीन, ती म्हणाली, आणि मुलीला आत पाठवून दार ओढून घेतलं. ‘‘आए तब हम तीन थे. मेरे हसबैंड घर देखने आए, बात भी उन्होंने की. पर आंटी ने कहा, कागज़ तेरे नाम का बनेगा, नौकरी तेरी पक्की है. ये बहुत नाराज़ हुए थे.’’ पुढचं तिनं सरळ सांगितलं. ‘‘साल भर बाद ये हाथ उठाने लगे. एक दिन मुझे और बेटी को बाहर निकाल रहे थे, बोले, निकल मेरे घर से. आंटी उसी वक्त ऊपर आईं. उन्होंने बस इतना कहा, भैया, घर तो इसका है, कागज़ इसके नाम का है, जाना तुमको पड़ेगा. आवाज़ भी ऊँची नहीं की. नरेश भैया पीछे खड़े थे, वो अलग. चला गया वो. अंकल, उस दिन कागज़ नहीं होता तो मैं आज कहाँ होती?’’

दयाराम स्कूटर ढकलत गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेला. सुरू करायचं भानच राहिलं नाही. नेहरू नगरच्या पुलाजवळ क्लासेसच्या पाट्यांवर पोरांचे हसरे फोटो होते, ट्रक वाजत होते, आणि त्याच्या कानात एकच वाक्य घोळत होतं, कागज़ तेरे नाम का बनेगा. परक्या बाईसाठी तिला हे सुचलं. सुचलं कुठून? पुस्तकातून नाही. बावीस-तेवीस वर्षं स्वतःचा घाम ज्या भिंतींत मुरला त्यांच्या कागदावर आपलं नाव नाही, हे ती दर मंगळवारी सोबत घेऊन जिना चढत असली पाहिजे. नवऱ्यानं ठरवलं, मुलानं ठरवलं, तर रविवारी एका सहीत सगळं जाईल, आणि कोणी तिला विचारायलाही बांधील नाही. तिनं कधी मागितलं नाही. की मागितलं होतं, आणि आपण पेपर वाचत होतो? त्याला नक्की आठवेना. न आठवण्यानं तो जास्त घाबरला. राहतो ते मोहन नगरचं घर तिच्या वडिलांचं, जगतो तो किराया तिनं उभ्या केलेल्या मकानाचा, आणि आपल्या वाट्याचं जे खरंखुरं आपलं म्हणता येईल ते काय, तर एक सही.

रविवारी प्रवीण पुण्याहून आला. गुड्डू कागद घेऊन आला, सोबत पेढे. गुड्डू वाईट माणूस नव्हता. त्यानं आणलेला भाव चांगला होता आणि बोलणं गोड होतं. ‘‘बस यहाँ अंकल जी, और यहाँ.’’ दयारामनं पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. ‘‘नहीं करना,’’ तो म्हणाला. गुड्डूनं प्रवीणकडे पाहिलं. प्रवीणचा चेहरा उतरला, मग लाल झाला. ‘‘बाबा, असं कसं करून राहिले तुम्ही? मैंने ज़बान दी है. आणि हे मी माझ्यासाठी करतो काय? आईसाठीच ना?’’ दयारामला मुलाचं वाईट वाटलं. त्याच्या वयाचा असताना तोही असाच होता, दुसऱ्याचं भलं दुसऱ्याला न विचारता करणारा. ‘‘पेढे ठेवून जा, गुड्डू भाई,’’ तो म्हणाला, ‘‘पर कागज़ ले जाओ.’’ गुड्डू आणि त्याच्यामागोमाग प्रवीणही बाहेर पडल्यावर त्यानं नागपूरला फोन लावला. सांगताना वाक्यं एकमेकांवर आदळत होती. प्रवीणचं गिऱ्हाईक, लपवलेली गोष्ट, कागद, आणि आपण शेवटी कसं नाही म्हटलं. सगळं ऐकून सत्यशीला म्हणाली, ‘‘नाई कावून म्हटलं?’’

त्याला वाटलं, नीट ऐकू आलं नाही. ‘‘म्हंजे?’’

‘‘म्हंजे मले कोनी इचारलं काय? हो म्हनताना नाई इचारलं, नाई म्हनतानाही नाई इचारलं. माझे पाय आता चालत नाई. इथं पडल्या पडल्या मी तोच इचार करून राहिली होती, का विकून टाकावं का. टीनाले म्हटलंही. आन् तुमी तिकडं परस्पर वापस करून मोकळे.’’ तिचा आवाज चढलेला नव्हता. मोनाच्या नवऱ्याशी ती अशीच बोलली असावी. ‘‘जेवले काय?’’ तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता फोन ठेवला. दयाराम पेढ्यांच्या डब्यासमोर बसून राहिला. एवढं करून तो पुन्हा तिथंच येऊन पडला होता. त्यानं तिचं कौतुक केलं होतं, मनातल्या मनात, आठवडाभर, अगदी डोळे भरून; आणि त्या कौतुकाच्या भरात तिच्या वतीनं निर्णय घेऊन टाकला होता. प्रवीणनं मायेनं केलं, आपण आदरानं केलं, फरक तो काय? ऊन खिडकीतून सरकत भिंतीवर गेलं. मग तो उठला, कपाट उघडलं, प्लॉटची कागदं काढली आणि तहसीलजवळ बसणाऱ्या ओळखीच्या वकिलाला फोन लावला.

ती महिन्याभरानं परतली, वॉकर घेऊन. स्टेशनवरून घरी येईपर्यंत त्यानं काही सांगितलं नाही. चहा झाल्यावर दानपत्राचा मसुदा तिच्यापुढे ठेवला. मकान आणि प्लॉट, पतीकडून पत्नीला. तिनं चष्मा लावून दोन्ही पानं वाचली. हिंदी कायद्याची होती, एकदोन जागी तिनं ओठ हलवून शब्द फोडले. ‘‘हे कोनी सांगतलं तुमाले?’’ ‘‘कोनी नाई.’’ ‘‘प्रवीणले मालूम आहे?’’ ‘‘सांगतलं. रागावला, मंग म्हनला, ठीक आहे.’’ पुढच्या आठवड्यात रजिस्ट्री ऑफिसच्या बाकावर ते दोघं तीन तास बसले. साक्षीला नरेश होता आणि चक्क मोना, सुट्टी टाकून आलेली. अंगठे लागले, फोटो निघाले, बाबूनं विचारलं की राज़ी-खुशी से दे रहे हो ना, आणि दयाराम इतक्या मोठ्यानं हो म्हणाला की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून पाहू लागली. बाहेर आल्यावर, रिक्षाची वाट पाहताना, त्यानं भीत भीत विचारलं, ‘‘मंग, आता विकतं काय?’’

‘‘पाहीन,’’ ती म्हणाली. कागदाची पिशवी तिनं वॉकरच्या दांडीला न अडकवता छातीशी धरली होती. ‘‘आतापावेतो ते तुमचं होतं, म्हून जपलं. जरा उन्नीस-बीस झालं तर तुमी म्हनाल, म्या आधीच सांगतलं होतं. आता माझं आहे. आता मले काय पाहिजे ते मी पाहीन.’’

त्यानं मान हलवली. गेल्या तेवीस वर्षांत तिच्या प्रत्येक मंगळवारामागे आपण उभे होतो, चूक दाखवायला टपलेले, हे त्यानं पहिल्यांदाच तिच्या तोंडून ऐकलं. ते ती रागानं बोलली नव्हती. हवामान सांगावं तसं सांगितलं होतं. रिक्षात ती त्याच्या शेजारी बसली होती आणि तो तिच्याकडे पाहू शकत नव्हता. तिच्या हातांकडे पाहत होता. नखं बारीक कापलेली, अंगठ्याजवळ भाजल्याचा जुना डाग. हे हात आपण इतके कमी पाहिले कसे?

पंधरा दिवस ती काहीच बोलली नाही. गुड्डूचे दोन फोन आले, तिनं दोन्ही घेतले, भाव विचारला, ‘‘सोचती हूँ भैया’’ म्हणाली. दयाराम कान देऊन ऐकायचा आणि विचारायचा नाही. विचारायचं नाही हे त्यानं शिकायला घेतलं होतं, आणि या वयात ते वेल्डिंगपेक्षा अवघड जात होतं. मग एका मंगळवारी सकाळी ती म्हणाली, ‘‘लोखंडाच्या दुकानात जाऊन या. दीड इंची पाइप आना. जिन्याले दोनी बाजूनं धराले पाहिजे.’’ विकायचं मकान असतं तर त्याला कठडे कोण लावतं? पण तिच्या तोंडून तेवढं वाक्य यावं असा हट्ट त्यानं धरला नाही. तिनं लिहून ठेवलेली स्लिप घेतली आणि गेला. तीन दिवस तो त्या जिन्यात गुडघे टेकून बसला होता. भोकं पाडली, बोल्ट बसवले, पाइप घासून गुळगुळीत केला की कोणाच्या हाताला कुस लागू नये. येणारे-जाणारे त्याला ओलांडून जात, कोणी थांबून चहा विचारी. सत्यशीला खाली सिंधुताईंच्या दारात खुर्ची टाकून बसलेली असे, आणि त्याच्या ड्रिलचा आवाज बदलला की तिथूनच म्हणायची, ‘‘वीट लागली काय? बाजूले घ्या जरा.’’

शनिवारी दुपारी काम संपलं. ती उठली, वॉकर भिंतीला लावून ठेवला आणि दोन्ही हातांनी दोन्हीकडचे पाइप धरले. तो पुढे झाला. ‘‘सोडा,’’ ती म्हणाली. ‘‘तुमी खालीच राहा.’’ तो खाली राहिला. चांगला पाय वर, मग दुखरा, थांबा, पुन्हा चांगला पाय. पदराखालून तिचे खांदे वर-खाली होताना दिसत होते. सहाव्या पायरीवर ती बराच वेळ थांबली आणि त्याचे हात आपोआप पुढे आले, तसे त्यानं ते मागे घेऊन पाठीशी धरले. सिंधुताई दाराला टेकून बघत होत्या. वरून मोनाचं दार उघडलं, नरेशची बायको खाली वाकली, पण कोणी हात द्यायला आलं नाही. तिच्या चढण्यात असं काही होतं की मधे पडायची कोणाची छाती झाली नसती. ती वळणावर पोचली. भिंतीआड दिसेनाशी झाली. मग तिचा श्वास ऐकू आला, मोठा, दमलेला, आणि त्यामागून आवाज.

‘‘अवो!’’

‘‘काय झालं?’’ दयारामनं खालूनच विचारलं.

‘‘हे इथलं तुमी काय लावलं? हालून राह्यलं ना हे! तिसरा बोल्ट ढिल्ला आहे. वर या बरं.’’

तो हसला. मग पाना उचलला आणि वर निघाला.